हा विरोध टाफ्टपासूनचा आहे
युक्रेनला मदत करायला रिपब्लिकनांचा विरोध ही निव्वळ ट्रम्प यांची देणगी, हे तुमचं म्हणणं मला पटत नाही. त्याची मुळं बरीच खोल आहेत. १९४९ साली अमेरिकी सिनेटने नाटो करार, म्हणजे युरोपच्या संरक्षणाची हमी देणारा करार, ८२ विरुद्ध १३ मतांनी मंजूर केला. त्या तेरा जणांत ओहायोचे रॉबर्ट टाफ्ट होते, पक्षातल्या कॉन्झर्व्हेटिव्ह गटाचे सर्वमान्य नेते! १९५२ च्या पक्षाच्या अध्यक्षपदाच्या उमेदवारीत त्यांना हरवलं ते आयझेनहॉवर यांनी, म्हणजे नाटोच्याच पहिल्या सरसेनापतींनी. पुढे कम्युनिझमच्या धास्तीने टाफ्ट यांचा हा परदेशात न गुंतण्याचा सूर दबला. शीतयुद्ध संपताच, १९९२ मध्ये, 'अमेरिका फर्स्ट' म्हणत पॅट ब्युकॅनन पक्षाच्याच उमेदवारीसाठी तेव्हाचे अध्यक्ष थोरले बुश यांच्याविरुद्ध उभे राहिलेच.

२० एप्रिल २०२४ ला प्रतिनिधीगृहात युक्रेनच्या सुमारे ६१ अब्ज डॉलरच्या मदतीवर मतदान झालं, तेव्हा १०१ रिपब्लिकन बाजूने होते, ११२ विरोधात. निवडणुकीच्या वर्षात खुर्ची पणाला लावून रिपब्लिकन सभापती माइक जॉन्सन यांनी ते मतदान घेतलं, याचा मला मनापासून आदर वाटतो. मी स्वतः मदतीच्याच बाजूचा. पण विरोध करणाऱ्या सगळ्यांना पुतिनधार्जिणे म्हणणं अन्यायाचं आहे. आधी मेक्सिकोची सीमा सांभाळा, ही त्यांच्यातल्या अनेकांची उघड मागणी होती.