इंग्लंडच्या कंब्रियात मॉडर्न ब्रिटिश जेवण म्हणजे फक्त लॉन्क्लूम रेस्टॉरंट? काहीही!

केंडलकर: काल इथे कोणीतरी लिहून गेलंय, "कंब्रियात मॉडर्न ब्रिटिश खायचं तर कार्टमेलचं लॉन्क्लूम, बाकी सगळे टूरिस्टांना गंडवायचे धंदे." अकरा वर्षं राहतोय इथे, डोकंच फिरलं वाचून. सायमन रोगनने 2002 ला जुन्या लोहारशाळेत ते काढलं, भाजी स्वतःच्या शेतातली, 2022 ला तिसरा मिशेलिन स्टार, सगळं मान्य, पण माणशी दोनशे पौंडांच्या वर मोजून घरी तोंड कसं दाखवू? त्याच गावात त्याचंच रोगन अँड को आहे की. ग्रासमियरला फॉरेस्ट साइड आहे. आणि फार्लम हॉल हॉटेलातल्या आपल्या पुण्याच्या शेफ हृषिकेश देसाईंच्या सीडर ट्रीला 2024 मध्ये स्टार मिळाला, तो काय गंडवून?

तळ्याकाठचा: लिहिणारा मीच. देसाई भारीच, पण मसाला पडला की ते मॉडर्न ब्रिटिश कसलं? पुण्याचं नाव निघालं की सुरू तुमचं. मॉडर्न ब्रिटिश म्हणजे इथल्या मातीतलं, इथल्या हर्डविक मेंढीचं मटण वगैरे.

आलेपाक: मातीतलं?? इथल्या कंबरलँड सॉसेजमधली मिरी काय स्किडॉ डोंगराच्या उतारावर पिकते? अठराव्या शतकात व्हाइटहेवन बंदरात साखर, रम, मसाले उतरायचे, म्हणून इथे रम बटर, म्हणून ग्रासमियरचं 1854 पासूनचं जिंजरब्रेड. स्टिकी टॉफी पुडिंगमधला खजूर पण तुमच्या परसातला असेल ना!

मावशी_पेनरिथ: पुडिंग काढलंच आहे तर ऐका, लोक म्हणतात तसं ते कार्टमेलचं नाहीच. तिथल्या दुकानातले डबे खपले म्हणून नाव झालं. खरं ते अल्सवॉटर तळ्यावरच्या शॅरो बे हॉटेलातलं, तिथले मालक फ्रान्सिस कूलसनचं. आमच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला तिथे खाल्लं होतं, ह्यांनी माझ्या वाटीतलं पण संपवलं. 2020 ला हॉटेलच बंद पडलं, फार वाईट वाटलं.

आलेपाक: मावशी, कूलसनने म्हणे ते लँकेशरच्या एका बाईंकडून घेतलं आणि त्यांना कॅनडाच्या वैमानिकांनी दिलेलं. म्हणजे तेही उपरंच!

मावशी_पेनरिथ: म्हणे म्हणे काय, मी खाल्लंय.

शाकाहारी_बिचारा: तुमची पुडिंगं चालू द्या. आईबाबांना घेऊन एका नावाजलेल्या पबात गेलो (नाव नको), व्हेज काय विचारलं तर मश्रूम रिसोटो. दुसऱ्या दिवशी दुसरा पब, परत रिसोटो. आई म्हणाली, "अरे, हा इटलीचा आसट भात खायला इतक्या लांब कशाला आणलंस?" त्याला कोणी म्हणत नाही मातीतलं नाही म्हणून!

केंडलकर: 😂 काकूंना साष्टांग.

तळ्याकाठचा: बरं बाबांनो, देसाई मॉडर्न ब्रिटिश, रिसोटोपेक्षा तरी नक्कीच. झालं समाधान पुणेकरांचं? पण पुडिंग कार्टमेलचंच.

मावशी_पेनरिथ: म्हणजे मी लिहिलेलं वाचलंच नाहीस रे तू.