फूल आलं, फळ का धरलं नाही? परसातले, गच्चीतले, कुंडीतले अनुभव

डोंबिवली, गच्ची

गेल्या जूनमध्ये सोसायटीच्या गच्चीवर एका जुन्या निळ्या ड्रममध्ये दुधी लावला. श्रावणापर्यंत वेल पत्र्याच्या शेडवर पसरला. रोज आठ-दहा पांढरी फुलं. काही फुलांच्या मागे बोटाच्या पेराएवढा, लवदार, हिरवा दुधी दिसायचा. तो दिसला की घरात सगळ्यांना फोटो दाखवायचे, आणि चार-पाच दिवसांत तो टोकाकडून पिवळा पडून गळायचा. असे एकवीस गळले. कॅलेंडरवर रेघा मारून ठेवल्या होत्या, म्हणून आकडा लक्षात आहे.

खत घातलं, ताक शिंपडलं, निंबोळी पेंड घातली. उपयोग शून्य. मग एकदा पाऊस येईल म्हणून संध्याकाळी सातला वाळत घातलेले कपडे काढायला वर गेले, तर सगळा वेल पांढराशुभ्र फुललेला. मी रोज सकाळी साडेसातला पाणी घालायला जायचे, तेव्हा हीच फुलं मलूल होऊन लोंबत असायची. तोवर मला वाटायचं की आमच्या दुधीची फुलंच तशी असतात! दुधी दिवेलागणीला फुलतो, रात्रीचे पतंग त्याचे पराग नेतात. आमच्या गच्चीवर बहुतेक ते पुरेसे येत नसावेत.

त्याच संध्याकाळी हाताने पराग लावले. नरफूल लांब, बारीक देठाचं असतं, त्याच्या मागे दुधी नसतो. ते खुडून पाकळ्या मागे वळवल्या की मधला पिवळा दांडा मोकळा होतो. मादीफुलाच्या मध्यभागी तीन जाड, ओलसर उंचवटे असतात, त्यांवर हा दांडा हलकेच फिरवायचा. बोटाला पिवळी पूड लागलेली दिसते. एका नरफुलात दोन मादीफुलं आरामात होतात. चौथ्या दिवशी देठ खाली वळला, दुधीचा रंग तकतकीत झाला, आणि तेराव्या दिवशी आम्ही तो चण्याची डाळ घालून खाल्ला. त्या भाजीत कोथिंबीरसुद्धा घालू दिली नाही मी कुणाला, दुधीचीच चव हवी होती.

तेव्हापासून वेळा लिहून ठेवते. दुधी, दोडका, पडवळ संध्याकाळी. भोपळा, काकडी, कारलं, घोसाळं सकाळी, आणि सकाळी म्हणजे लवकर. भोपळ्याचं फूल दहा वाजेपर्यंत मिटूनही जातं.

तुमच्याकडे कुठल्या झाडाने फूल दाखवून फळ दिलं नाही, किंवा फूलच दिलं नाही? का, ते कळलं का? काय लावलंत, कुठे आणि कुठल्या महिन्यात, एवढं नक्की लिहा. कोडं सुटलं नसेल तरी लिहा.

कोल्हापूर, घरामागची अडीच गुंठे जागा

ताई, तुमचं वाचून आमच्या आईचा भोपळा आठवला. गोठा शेजारीच, त्यामुळे शेणखताला तोटा नाही. तिनं आळ्यात पाट्यांवर पाट्या शेण ओतलं. वेल असा माजला की बांध ओलांडून शेजारच्या उसात शिरला, पानं सुपाएवढी. फळ एकसुद्धा नाही. फुलं सगळी नर. आजी बघून म्हणाली, "पोट भरलेलं हाय, पोर कशाला हुतंय." नत्र जास्त झालं की वेल पानंच काढत बसतो, हे तिच्या भाषेत.

पुढच्या साली खत निम्म्यावर आणलं, वर चुलीतली राख टाकली. वेल हातभर झाल्यावर आजीनं शेंडा खुडला, मग बगलेच्या फांद्या फुटल्या. दुधी-काकडीत मूळ वेलावर नरफुलंच जास्त येतात, मादीफुलं या बगलफुटीवर. आमच्या भोपळ्यालाही शेंडा खुडल्याचा फायदा झाला. हल्ली बगलफुटीचाही शेंडा खुडून तिसऱ्या पिढीच्या फांद्या काढतात, त्याला थ्री-जी कटिंग म्हणतात, आमच्याकडे नुसतं "शेंडा मोडणे". त्या वर्षी अकरा भोपळे.

आणि जादा नरफुलं वाया घालवू नका. बेसनात बुडवून भजी करा, सकाळी उमललेली असतानाच तोडून.

पुणे, सिंहगड रस्ता, अकरावा मजला

माझ्याकडे जागा म्हणजे सहा फूट बाल्कनी, तिला सरकत्या काचा. टोमॅटोची चार झाडं फेब्रुवारीत लावली. एप्रिलमध्ये फुलांचे घोस आले, आणि फूल देठाच्या गाठीपाशी पिवळं होऊन टपटप खाली. रोज सकाळी फरशीवरून वीस-पंचवीस फुलं उचलायचे. त्या काळात घरात बाकीही बरंच काही नीट चाललं नव्हतं, त्यामुळे ही फुलं फार लागायची मनाला.

दोन कारणं निघाली. एक तर उष्णता. पारा पस्तिशीच्या वर गेला की टोमॅटोचे पराग निकामी होतात, आणि बंद काचांत माझ्याकडे दुपारी चाळीस भरत होते. दुसरं, हवाच नव्हती. टोमॅटोच्या एकाच फुलात नर-मादी दोन्ही असतात, दुसऱ्या फुलाची गरज नाही, पण पराग नळीसारख्या भागात कोंडलेले असतात, ते झटकून बाहेर पडावे लागतात. उघड्यावर हे काम वारा करतो, आणि भुंग्यासारख्या काही माश्या फुलाला लटकून गुंईऽऽ आवाज करत ते हलवतात. मधमाशीला ते जमत नाही.

आता ऑगस्टच्या शेवटी रोप करते, म्हणजे फुलं दिवाळीच्या सुमारास येतात. काचा दिवसभर उघड्या. सकाळी दहाच्या सुमारास घोसाच्या मागच्या देठावर बोटाने टिचकी मारते. उन्हात बघितलं तर पिवळी धूळ उडताना दिसते, अगदी क्षणभर. गेल्या हिवाळ्यात चार कुंड्यांत मिळून साडेसहा किलो निघाले. माझ्या बाबांना शेवटच्या महिन्यात जेवण जात नव्हतं, पण या टोमॅटोचं सार ते वाटीभर घ्यायचे.

गुहागर

पडवळाला आमच्याकडे पराग हाताने लावावे लागत नाहीत, पतंग भरपूर. आमचं दुःख फळमाशीचं. कोवळ्या पडवळावर टाचणीने टोचल्यासारखा ठिपका दिसतो, त्यातून डिंकाचा थेंब येतो, मग पडवळ तिथून वाकडं होतं. चिरलं की आत अळ्या वळवळतात. कारली, दोडकी, सगळ्यांची तीच गत. फळ धरल्याच्या दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राची लांबट पिशवी करून घाला आणि तोंडाशी सुतळीने बांधा. पावसाने भिजली की बदला. आणि किडकं फळ खतात टाकू नका. अळी मातीत उतरते, तिथे कोष करते आणि नवी माशी होऊन परत मांडवावर येते. आम्ही किडकी फळं प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उन्हात टाकतो. पडवळ सरळ वाढावं म्हणून टोकाला दगड बांधायची आजोबांची पद्धत मात्र तशीच ठेवली आहे. चिंचेएवढा खडा पुरतो.

पण मला लिहायचं होतं ते कर्टुल्याचं. सड्यावरून, म्हणजे वरच्या कातळपठारावरून, एका काकांनी दोन कंद आणून दिले. कुंपणाशी लावले. पहिल्या वळवाच्या सरीला कोंब वर, आषाढात पिवळी फुलं, संध्याकाळी फुलायची आणि मंद वास. दोन पावसाळे नुसती फुलं. तिसऱ्या वर्षी काकांनाच बोलावलं. त्यांनी एक कळी उलटी करून दाखवली, तिला पानासारखी टोपी होती. "हो नर. दोनवय नर." कर्टुल्यात नराचा वेल वेगळा, मादीचा वेगळा, आणि कंदावरून ते ओळखता येत नाही. मग त्यांनी पावसात सड्यावर जाऊन, फळ लागलेल्या वेलाला चिंधी बांधून ठेवली आणि पाऊस सरल्यावर त्याच्याच खालचा कंद खणून आणला. या वर्षी सव्वा किलो मिळाली. जुना नर एक ठेवला आहे, तो लागतोच.

पणजीजवळ, गोवा

वर लिहिलेलं काहीच करायची ताकद नसेल तर भेंडी लावा. तिचं फूल स्वतःच स्वतःला पुरतं. आमच्याकडे सांतइस्तेवची सात शिरांची लांब भेंडी असते, तिचं बी दरवर्षी घरीच धरते. पहिल्या बहरातली दोन चांगली फळं झाडावरच सुकू द्यायची.

नागपूर, घरासमोरचं अंगण

माझं लिंबाचं झाड सात वर्षांचं, हिरवंगार, काट्यांनी भरलेलं, आणि वर्षाला जेमतेम दहा लिंबं. मी त्याला रोज बादलीभर पाणी घालत होतो. उन्हाळ्यात दोनदा. काटोलकडचे आमचे मामा संत्र्याचे बागाईतदार, ते आले आणि झाडाकडे बघून म्हणाले, "भाच्या, तू याले कधी तहानच लागू नाही दिली, तर हे फुलीन कशाले?"

बागांमध्ये याला ताण देणं म्हणतात. मी आंबिया बहार, म्हणजे हिवाळा सरतानाचा फुलोरा, धरला. डिसेंबरच्या सुरुवातीला पाणी पूर्ण तोडलं. माझ्या हाताने लावलेल्या झाडाची पानं दुपारी वळायला लागली, मग पिवळी होऊन गळायला लागली. ते पाहणं मला फार जड गेलं. बायको रात्री गुपचूप तांब्याभर पाणी घालते की काय म्हणून मी आळ्यावर लक्ष ठेवून होतो. ती खरंच घालणार होती, असं नंतर तिनं सांगितलं. आमची माती काळी, ओल धरून ठेवणारी, म्हणून दीड महिना लागला. हलक्या, मुरमाड जमिनीत महिन्याच्या आतच भागतं, आणि कुंडीत तर काही दिवसांत झाड मरेल, तिथे हे करू नका.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात आळं हलकं चाळलं, शेणखत दिलं, पहिलं पाणी थोडं, चार दिवसांनी दुसरं त्याहून जास्त, मग नेहमीसारखं. फेब्रुवारी सरता सरता झाडावर पानापेक्षा फूल जास्त. सकाळी फाटक उघडलं की वास यायचा. जुलै-ऑगस्टमध्ये लिंबं मोजायचं सोडून दिलं, पूर्ण गल्लीत वाटली. लोणच्याच्या तीन बरण्या झाल्या.

न्यू जर्सी

मी मूळची अलिबागची. वालाशिवाय माझं घर घर नाही. पोपटीच्या शेंगा, डाळिंब्यांची उसळ, बिरडं. इथे मे महिन्यात, थंडीची भीती संपल्यावर, आईने पाठवलेला वाल पेरला. जुलैपर्यंत कुंपण झाकलं. ऑगस्ट गेला, फूल नाही. सप्टेंबरच्या शेवटी पहिले तुरे आले, शेंगा करंगळीएवढ्या झाल्या, आणि ऑक्टोबरात एका रात्री दहिवर गोठून सगळा वेल सकाळी काळा. दोन वर्षं अगदी हेच.

उत्तर आईच्या एका वाक्यात होतं, मला ते ऐकू आलं नव्हतं. ती म्हणाली, "अगो, आपल्याकडे तरी वाल लवकर कुठे फुलतो? थंडीतच ना!" आमच्याकडे भात कापल्यावर त्याच ओलीवर वाल पेरतात, दिवस लहान असतात तेव्हा. जुन्या गावठी वाणाला फुलायला लांब रात्र लागते. अलिबागला जूनमधला सगळ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांचा, इथे पंधरा तासांचा. वेल बिचारा रात्र मोठी होण्याची वाट बघत बसायचा, आणि इथे रात्र मोठी होईपर्यंत थंडी येते.

तिसऱ्या वर्षी दोन रोपं बादल्यांमध्ये लावली, वेल आखूड ठेवला. जुलैच्या मध्यापासून रोज संध्याकाळी सहाला बादल्या अंधाऱ्या गॅरेजमध्ये न्यायच्या आणि सकाळी आठला बाहेर. चौदा तासांची रात्र. मुलगा चाकाच्या फळीवर ठेवून ढकलायचा, एकही दिवस चुकवला नाही त्याने. ऑगस्टच्या शेवटाला जांभळे तुरे! शेंगा जेमतेम एका वेळच्या उसळीपुरत्या झाल्या. त्या सोलताना बोटांना जो वास लागला, त्यासाठी मी पुढच्या वर्षीही हे करणार आहे. बरोबर बुटक्या वालाचं बीही आणलं आहे, त्याला रात्रीच्या लांबीशी फारसं देणंघेणं नसतं म्हणतात. चव कशी लागते ते कळवीन.

सासवड

पपई लावणाऱ्यांसाठी: एका खड्ड्यात तीन रोपं लावा आणि पाच-सहा महिन्यांनी फुलं येईपर्यंत एकही काढू नका. लांब दांड्यावर लोंबते झुबके आले तर नर, खोडाला चिकटून जाड एकटं-दुकटं फूल आलं तर मादी. मी रोपं लहान असतानाच सगळ्यात जोमदार ते ठेवून बाकीची उपटली, आणि ठेवलेलं ते नर निघालं. दहाएक माद्यांमागे एक नर राखतात. शेजाऱ्यांकडे नर असेल तर तुम्हाला तोही नको.

ठाणे

तोंडली बी पेरून येतात का? दोन वेळा पेरली, वेल आला, फुलंही आली, पण फळ नाही.

गुहागर

ठाणेकर, बी नको. तोंडलीतही नर-मादीचे वेल वेगळे, बियांतून नर निघू शकतो. ज्या वेलाला तोंडली लागतात त्याचीच पेन्सिलएवढी जाड फांदी, वीतभर, तीन-चार डोळ्यांची, पावसाच्या सुरुवातीला तिरकी खोचा. मादी वेल फांदीतून मादीच येणार. लागवडीच्या तोंडलीला फळ धरायला नर लागतही नाही. पत्ता कळवलात तर मी फांदी ओल्या गोणपाटात गुंडाळून पाठवते.

डोंबिवली, गच्ची

सगळं वाचलं, काही दोनदा. नागपूरकर, तुमच्या बायकोच्या तांब्याशी मी पूर्ण सहमत आहे. न्यू जर्सीच्या ताई, चाकाच्या फळीवरचा फोटो असेल तर टाका.

आमच्या वेलावर आता शेवटचा एकच दुधी आहे. तो काढायचा नाही असं ठरलंय. साल पिवळट झाली आहे, नख मारून बघितलं तर रुतत नाही. हलवल्यावर आत बिया खुळखुळल्या की उतरवीन. ज्यांना बी हवंय त्यांनी इथेच लिहा, दहा-दहा बियांच्या पुड्या करते. ठाणेकर, तुमची पहिली.