सरावात अधिकाऱ्याने होज धरावी की घड्याळ?

दुसरी_शिडी (धागा सुरू)

अग्निशमन दलात सराव सुरू झाला की स्टेशन ऑफिसर स्वतः ब्रांच (पाण्याचा झोत सोडणारं होजचं टोक) हातात घेतो, जवानांच्या बरोबरीने होज (पाण्याचा पाइप) ओढतो, घामाघूम होतो. बघणाऱ्याला वाटतं, हा खरा नेता. माझं मत उलट आहे. सरावात अधिकाऱ्याने होजला हातच लावू नये. वर्दीवर, म्हणजे खऱ्या आगीच्या बोलावण्यावर, त्याला जे काम करायचं असतं, नेमका त्याचाच सराव यात राहून जातो आणि पहिल्या तीन मिनिटांत ते उघडं पडतं.

त्या तीन मिनिटांत काय असतं बघा. बंब थांबला की इमारतीला फेरी मारायची. चारही बाजू बघता आल्या नाहीत तर कुठली राहिली ते रेडिओवर सांगायचं. समोरून तळमजला दिसतो तो उतारावरच्या इमारतीत मागून दुसरा मजला निघतो, आणि तुकडी नकळत आगीच्या डोक्यावर जाऊन उभी राहते. धुराचा रंग, त्याचा जोर, तो कुठल्या फटीतून निघतोय ते बघायचं. दाराच्या फटीतून धूर भस्सकन बाहेर येऊन परत आत ओढला जात असेल तर ते दार लगेच उघडायचं नाही. मग पहिला संदेश: किती मजली, बांधकाम कसलं, आग कुठे, माणसं अडकलीत का, मी काय करतोय, मला काय हवंय. वीस सेकंदांत हे सगळं सलग बोलता येणं ही सवयीची गोष्ट आहे.

जून २००७ मध्ये अमेरिकेतल्या चार्ल्सटनला फर्निचरच्या दुकानाच्या आगीत ९ जवान गेले. हिमतीची कमी नव्हती. तपासातून पुढे आलेल्या कारणांत सगळ्यांना बांधून ठेवणारी एक कमांड नसणं हे मोठं कारण होतं; अपुरं पाणी, आणि दर्शनी काचा फुटल्यावर कोंडलेल्या आगीला मिळालेली हवा ही आणखी दोन. या तिन्ही गोष्टी सांभाळणं हे बाहेर उभं राहून, सगळीकडे नजर ठेवणाऱ्याचं काम आहे.

---

पंपपाठी

साफ असहमत.

ज्याने गेल्या कित्येक महिन्यांत पाण्याने भरलेली होज जिन्यावरून नेलेली नाही, तो बाहेरून आदेश देतो तेव्हा त्याच्या डोक्यातलं घड्याळ चुकलेलं असतं. ६३ मिलिमीटरच्या होजच्या ३० मीटर लांबीत जवळपास ९३ लिटर पाणी असतं. दोन लांब्या जोडल्या की पावणेदोनशे किलोच्या वर, शिवाय होजचं आणि कपलिंगचं वजन. ब्रांचच्या तोंडाचा २० मिलिमीटरचा नोझल ७ बार दाबावर चालवला की मागे येणारा धक्का सुमारे ४५ किलोंचा असतो. एकटा जवान ती ब्रांच धरून पुढे सरकू शकत नाही. तोच नोझल मिनिटाला ७०० लिटर ओततो, म्हणजे टाकीत ४,५०० लिटर असतील तर सहा-साडेसहा मिनिटांत टाकी कोरडी. हे आकडे वहीत सगळ्यांकडे आहेत. "दुसऱ्या मजल्यावर लाइन (होज) टाका" म्हटल्यापासून पाणी पडेपर्यंत किती वेळ जातो, हे मात्र खांद्याला कळतं.

दुसरं म्हणजे विश्वास. अमेरिकेच्या मॉन्टाना राज्यातल्या मॅन गल्चची आग, ५ ऑगस्ट १९४९. वणवा अंगावर येताना फोरमन वॅग्नर डॉज यांनी पुढचं गवत स्वतः पेटवलं आणि त्या जळलेल्या पट्ट्यात या म्हणून हाका मारल्या. कल्पना बरोबर होती, त्या राखेत पडून ते स्वतः वाचले. पण कुणीच ऐकलं नाही. १३ जण गेले. ती माणसं एक तुकडी म्हणून एकत्र घडलेली नव्हती. आदेश कितीही अचूक असो, देणाऱ्याबरोबर आधी घाम गाळलेला नसेल तर जीव मुठीत असताना पाय त्याच्याकडे वळत नाहीत.

---

धुरातली_दोरी

पंपपाठी, मॅन गल्चमधून मला वेगळंच दिसतं. गवत पेटवून त्यात झोपायचं, ही गोष्ट त्या तुकडीला कुणी शिकवलीच नव्हती. आदेश आयुष्यात पहिल्यांदा ऐकला तो आग मागे लागलेली असताना. डॉज यांनी आधी शंभर वेळा त्यांच्याबरोबर फावडं चालवलं असतं तरी तो आदेश नवाच राहिला असता. सराव हवा तो आदेश आणि त्याला मिळणारा प्रतिसाद या जोडीचा. "बाहेर या" म्हटलं की हातातलं टाकून, होजच्या मागावर, जोडीदारासकट निघायचं. हा एक आदेश तरी प्रत्येक सरावात अवचित दिला पाहिजे.

आता हवेचं. अधिकाऱ्याने बाहेर का थांबावं याचं माझ्या दृष्टीने सर्वांत भक्कम कारण बीए सेटच्या (पाठीवरच्या श्वासयंत्राच्या) गेजमध्ये, म्हणजे हवेचा दाब दाखवणाऱ्या काट्यात आहे.

६.८ लिटरचा सिलिंडर ३०० बारला भरला की साधारण २,०४० लिटर हवा. हवा संपत आल्याची शिटी ५५ बारच्या आसपास वाजते, तो राखीव साठा. तो सोडला तर १,६६६ लिटर उरतात. मिनिटाला ४० लिटर धरून ४१ मिनिटं, असं आपण शिकवतो. पण भरलेली होज ओढणारा माणूस सहज ८० लिटर घेतो, म्हणजे २१ मिनिटं.

पुढे बघा. दारात गेज २८०, कामाच्या जागी पोचेपर्यंत २२०. जायला ६० बार लागले. परतायला ६० आणि राखीव ५५ धरले तर ११५ ला निघायचं. कामाला मिळाले १०५ बार, म्हणजे त्याच गतीने श्वास घेतला तर नऊ मिनिटं. पण परतताना कुणाला ओढून आणायचं असेल तर श्वास दुप्पट होतो. मग परतीचे १२० आणि राखीव ५५, म्हणजे १७५ ला पाठ फिरवायची. कामाला चारसुद्धा मिनिटं मिळत नाहीत. हा हिशोब आतल्या माणसाकडून होत नाही. धूर, उष्णता आणि स्वतःच्या छातीचा आवाज यांत त्याला वेळेचं भान राहत नाही. तो बाहेरच्यानेच करायचा, आणि जोडीत ज्याचा गेज कमी त्याच्यावरूनच करायचा.

सरावात हे कसं बिघडतं? आत कोण गेलं याची नोंद ठेवणाऱ्या बोर्डावर गेजचा स्टेशनात भरतानाचा आकडा लिहिला जातो, दारातला नाही. आत गेल्याची वेळ कुणी टिपत नाही. बाहेर आलेला जवान बोर्डावरचा आपला टॅली (नावाचा बिल्ला) काढून घ्यायला विसरतो, आणि आत नसलेल्या माणसासाठी शोध सुरू होतो. आणि हो, बोर्ड सर्वांत नवख्या पोराच्या हातात दिला जातो, कारण अधिकारी होजवर असतो.

---

पंपपाठी

गणित मान्य. पण माणसं कुठून आणायची? बंबावर पाच जण. चालक पंपावर. अधिकारी तुमच्या म्हणण्याप्रमाणे बाहेर. उरले तीन: दोघे ब्रांचवर, एक हायड्रंटकडे (बंबाला पाणी देणाऱ्या नळाकडे). बोर्ड कुणी धरायचा? आत गेलेल्या दोघांसाठी बाहेर तयार उभी राहणारी जोडी कुठली? दुसरा बंब पोचेपर्यंत ती नसतेच. कागदावर अधिकाऱ्याचे हात मोकळे राहतात, प्रत्यक्षात तोच हायड्रंटची किल्ली फिरवत असतो.

---

बाराची_पाळी

तुमचा वाद अधिकाऱ्याच्या जागेवरून चाललाय, मला भीती घड्याळाची वाटते. शीर्षकातच घड्याळ आहे म्हणून बोलतो.

जे मोजाल ते वेगाने होईल, आणि न मोजलेलं गळेल. बीए सेट चढवायची वेळ लावली की काय होतं ते ठाऊक असलेल्या प्रत्येकाने सांगावं. सिलिंडरचा वाल्व अर्धाच उघडला जातो. उभ्या माणसाचा गेज तेव्हाही भरलेला दिसतो. जोराने श्वास घेतला की काटा दर श्वासाला खाली लचकतो आणि वर येतो. ही खूण आहे, पण घाईत तीन-चार खोल श्वास घेऊन काटा बघतंय कोण? मास्कची गळती तपासायला वाल्व बंद करून मास्क चेहऱ्याला चिकटेपर्यंत श्वास घ्यायचा आणि तसाच धरायचा, ही पायरीही जाते. तपासणीला दहा-पंधरा सेकंद लागतात आणि शर्यत पाच सेकंदांनी हरली जाते, म्हणून ती पहिली बळी पडते.

सज्जता मला सकाळच्या पाळीबदलात दिसते. पंप कोरडा ठेवून प्रायमर (पंपातली हवा ओढून काढणारं साधन) चालवा, निर्वात ०.८ बारच्या आसपास आणा, प्रायमर बंद करून मिनिटभर काट्याकडे बघा. भराभर घसरला तर गळती ड्रेन कॉक (निचऱ्याची तोटी), ब्लँक कॅपचा (तोंडावरच्या झाकणाचा) वॉशर, ग्लँड (पंपाच्या दांड्याभोवतीचं सील), या क्रमाने शोधा. सक्शन होज (पाणी ओढून घेणारा पाइप) जोडूनही तेच करा, कारण बहुतेक वेळा गुन्हेगार कपलिंगमधला वाळलेला वॉशर असतो. तळ्या-विहिरीच्या उघड्या पाण्यातून सात मीटरच्या पलीकडे पाणी वर ओढणं तसंही कठीण. त्यात एक चिरलेला वॉशर असेल तर पंप नुसता घोंघावतो. हे रोज झालं नाही तर अधिकारी आत असो की बाहेर, ब्रांचमधून हवाच येणार.

---

दुसरी_शिडी

बाराची_पाळी, वाल्वची गोष्ट पटली. सेट चढवायची वेळ मोजणं मी सोडायला तयार आहे. तिथे बरोबर-चूक एवढंच नोंदवावं. पण घड्याळ फेकू नका, दुसरीकडे लावा. बंब थांबल्यापासून ब्रांचवर नीट दाबाचं पाणी येईपर्यंत किती वेळ, आणि बंब थांबल्यापासून पहिला पूर्ण संदेश जाईपर्यंत किती. या दोन्ही आकड्यांत वॉशरपासून अधिकाऱ्याच्या डोक्यापर्यंत सगळं पकडलं जातं, आणि एकट्या माणसाला घाईने ते जिंकता येत नाहीत.

पंपपाठी, मनुष्यबळाचं तुमचं म्हणणं खरं आहे, पण त्याचा निष्कर्ष मी वेगळा काढतो. पाचच जण असतील तर आत जायचं की नाही, हाच पहिला निर्णय आहे. कुणी अडकल्याची खात्रीलायक खूण नसेल तर दुसरा बंब येईपर्यंत बाहेरूनच खिडकीतून पाणी मारावं. छताखालचा वायू ५००-६०० अंशांकडे गेला की खोली एकदम भडकते. बाहेरून थोडा वेळ छतावर मारलेला सरळ झोतही ती पाळी लांबवतो. हा निर्णय घ्यायचा सराव कुठल्या मैदानावर होतो सांगा. आपल्या सरावात तुकडी नेहमी आत जाते, कारण सराव आत जायचाच ठरवलेला असतो. अधूनमधून असा सराव लावा ज्यात न शिरणं हे बरोबर उत्तर असेल.

खांद्याला कळतं, हा मुद्दा मी अर्धा घेतो. चारातल्या एका सरावात अधिकाऱ्याने मास्क चढवून आत जावं. पण ब्रांचवर नाही, मागे तिसरा, होज सरकवणारा.

---

पंपपाठी

तिसरा का? आणि तो आत गेला तर बाहेर कोण?

लीडिंग फायरमनला (अधिकाऱ्याच्या हाताखालच्या ज्येष्ठ जवानाला) कमांड द्या, आणि अधिकाऱ्याने त्याचे आदेश पाळावेत. "मागे या" म्हटलं की यावं, गेज विचारला की सांगावा. अधिकारी जायबंदी झाला किंवा उशिरा पोचला तर खऱ्या वर्दीवर हेच होणार आहे. बोलायचा हक्क फक्त वरच्याला असतो अशा तुकडीत, धूर उलटा फिरताना पहिल्यांदा पाहिलेला पोरगा गप्प बसतो. अधिकाऱ्याने आदेश घेऊन दाखवले की त्याचं तोंड उघडतं. मी म्हणतो तो विश्वास हाच. घाम हा त्याचा एक भाग झाला.

एका ठिकाणी मात्र मी पूर्ण तुमच्या बाजूला आहे: खरी आग लावून केलेला सराव. तिथे अधिकाऱ्याच्या हातात ब्रांच नकोच. अमेरिकेतल्या राष्ट्रीय अग्निसुरक्षा संघटनेचं (एनएफपीए) १४०३ हे अशा सरावाचं मानक १९८६ मध्ये पहिल्यांदा आलं, ते सरावातच जवान गेल्यानंतर. जिवंत माणसाला 'अडकलेला' म्हणून आत ठेवायचं नाही, वेगळा सुरक्षा अधिकारी हवा, राखीव लाइन पाण्याने भरून तयार हवी. यातलं एकही कलम वेळ वाचवायला गाळू नये.

---

धुरातली_दोरी

लीडिंग फायरमनच्या हाती कमांड, याला माझा पाठिंबा. फक्त मेडेचा (जवानाच्या संकट-हाकेचा) सराव त्यातून वगळा. जवान आत हरवल्याची हाक येते तेव्हा रेडिओवर बसणारा माणूस अधिकारीच असणार, आणि तो पाच गोष्टी शांतपणे काढून घेऊ शकतो का ते तपासायलाच हवं: कोण, कुठे, काय झालं, हवा किती, काय हवं. बाकीच्यांनी चॅनल मोकळा ठेवायचा. याच वेळी लढणाऱ्या तुकड्यांना आगीवरून न हलवणं सर्वांत अवघड, कारण प्रत्येकाला मित्राकडे धावायचं असतं, आणि पाणी थांबलं की आग त्याच्याआधी पोचते.

२००१ मध्ये अमेरिकेतल्या फिनिक्सला सुपरमार्केटच्या आगीत एक जवान गेला. त्यानंतर तिथल्या दलाने मोठ्या इमारतींत पुन्हा पुन्हा सुटका करून पाहिली. एका जवानाला बाहेर काढायला सुमारे १२ जण आणि सरासरी २१ मिनिटं लागली. वरचं माझं गणित आठवा: कष्टाच्या कामात पूर्ण भरलेला सिलिंडर शिटीपर्यंत तेवढाच टिकतो, आणि हरवलेल्याचा तर अर्धा संपलेला असतो. म्हणून दोन माणसांची सुटका जोडी दारात उभी केली की काम झालं, असं बोर्डावर टिक करू नका. पहिली जोडी त्याला शोधते आणि हवा जोडते, बाहेर काढणारे दुसरे असतात.

---

बाराची_पाळी

मग ही दुसरी हवा कुठल्या सेटमधून येणार, ते आधी ठरवा. जोडायच्या पाइपचं कपलिंग आणि जवानांच्या सेटचं कपलिंग वेगवेगळ्या खरेदीतलं असेल तर ते बसत नाही, आणि हे धुरात कळून उपयोग नाही. उद्याच्या पाळीबदलात वॉशरच्या आधी मी हेच जोडून बघायला सांगणार आहे: स्टेशनातला प्रत्येक सेट, हातमोजे घालून, डोळे बांधून.