चर्चा: मार्केट मेकर लंडनचा की आपल्या सराफाचा?

मांडवीकाठ:
शेअरबाजाराच्या एका वर्गात परवा ऐकलं की मार्केट मेकर, म्हणजे घ्यायचा आणि विकायचा असे दोन्ही भाव बोलून स्वतःच्या पैशानं सौदा करणारा, ही कल्पना लंडनच्या शेअरबाजारातल्या जॉबर नावाच्या व्यापाऱ्याची. मला हे पटत नाही. कळंगुटला नोटा बदलून देणाऱ्याचा फळा बघा: डॉलर घ्यायचा भाव एक, द्यायचा त्याहून थोडा वर. तुम्ही घ्यायला आलात की विकायला, त्याला फरक पडत नाही. मधली फट त्याची कमाई. मार्केट मेकर आणखी वेगळं काय करतो?
आणि हे आपल्याकडे जुनं आहे. 1583 ते 1588 गोव्यात आर्चबिशपांकडे नोकरीला असलेला डच माणूस लिन्सखोतेन इथल्या सराफांबद्दल, म्हणजे नाणी बदलून देणाऱ्यांबद्दल, लिहून गेलाय. रस्त्यारस्त्यावर ते बसत, खोटं नाणं झटक्यात ओळखत. सप्टेंबरात पोर्तुगालची जहाजं आली की रिआल ही चांदीची नाणी जादा मोजून घेत आणि एप्रिलात चीनला जाणारी जहाजं निघताना चढ्या भावानं देत. लंडनमध्ये जॉबरांना आवर घालणारा कायदा झाला 1697 साली. मग आधी कोण?

डिचोलीकर:
मांडवीकाठ बाब, सप्टेंबरात घेऊन एप्रिलात विकणं ही साठवणूक. लंडनचा ब्रोकर जॉबरकडे जाऊन नुसता भाव विचारी. आपलं गिऱ्हाईक घेणारं की विकणारं, हे सांगत नसे. जॉबरनं दोन्ही भाव बोलायचे, आणि बोलला की त्या भावाला बांधील. कल्पनेचा जीव या बांधिलकीत आहे. सराफाला मन नसलं तर पेटी मिटून तो घरी जाई. शिवाय मार्केट मेकर हा शब्दच 1986 चा, लंडनच्या बाजारानं ब्रोकर आणि जॉबर हा भेद मोडला तेव्हाचा.

शब्दवेडी:
शब्द त्याआधीचा आहे. अमेरिकेत नॅस्डॅक हा शेअरबाजार 1971 ला सुरू झाला तेव्हा मार्केट मेकर होतेच. लंडननं तो नंतर उचलला.
मला आपल्या शब्दांबद्दल बोलायचंय. लिलाव हा पोर्तुगीज 'लैलांव' वरून आलेला, आणि तो पोर्तुगीजांनी अरबीतून घेतलेला. सराफ आणि दलालही अरबीच. पण दलाल दोघांची गाठ घालून देतो, स्वतःचा पैसा अडकवत नाही. सराफ अडकवतो. हा भेद आपल्या भाषेत शतकांपासून आहे. मुंबईत शेअरबाजाराचा रस्ता दलालांच्या नावानं ओळखला जातो, पण दोन्ही भाव बोलणाऱ्याला तिथं म्हणत तारवणीवाला. आज शेअरमध्ये रोज उलाढाल करणाऱ्या पोरांना हा शब्द ठाऊक नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

जुना रिंगवाला:
तारवणीवाले मी पाहिलेत. मूळ मडगावचा, पण ऐंशीच्या दशकात मुंबईत एका दलालाकडे नोकरीला होतो. तारवणीवाला आपल्या ठरलेल्या शेअरपाशी उभा राहून ओरडायचा, 'बावन्न-चौपन्न!' बाजार ढासळायला लागला की त्याचंच 'अठ्ठेचाळीस-त्रेपन्न' व्हायचं. भाव खाली, फट रुंद. भीती किती आहे ते आम्ही त्या फटीवरून ओळखायचो. 1995 ला संगणक आले आणि रिंग, म्हणजे ओरडून सौदे करायची ती जागा, संपली.
डिचोलीकर, बांधिलकी म्हणाल तर ती तोंडी असायची. वाईट दिवशी ज्यानं तोंड फिरवलं, त्याच्याकडे दुसऱ्या दिवशी आम्ही जात नव्हतो.

डिचोलीकर:
तुमचा तारवणीवाला मला मान्य, कारण तो तिथल्या तिथं दोन्ही भाव बोलत होता. सराफ सात महिने एकाच बाजूला बसून होता.

मांडवीकाठ:
कारण जहाजं वाऱ्याच्या हंगामानंच येत-जात. लिस्बनचा विकणारा सप्टेंबरात येई, चीनला जाणारा घेणारा एप्रिलात. दोघं कधी समोरासमोर येणारच नव्हते. तोवर चांदी आणि भाव पडण्याचा धोका, दोन्ही सराफानं सांभाळलं. आज संगणकावर विकणारा आणि घेणारा यांच्यात दोन सेकंदांचं अंतर असतं, तेव्हा सात महिन्यांचं होतं. बांधिलकी लंडनची, हे रिंगवाल्यांचं वाचूनही मी तुम्हाला द्यायला तयार आहे. ते अंतर स्वतःच्या पैशानं भरून काढणं मात्र लंडनचं नाही.