मधमाश्यांवरचा दुसरा एखादा पिक्चर सुचवा ना

मदत हवी आहे. लेकीला (वय 6) रविवारी बी मूव्ही दाखवला, 2007 चा, हसून हसून लोळत होती पण माश्या काम थांबवतात आणि फुलं सुकतात तिथे एकदम गप्प झाली. आता रोज सकाळी गॅलरीतल्या तुळशीच्या मंजिऱ्यांवर माशी आली का बघते, पायाला परागाचा गोळा चिकटलेला दिसला की मला ओढत नेते. मला एकच खटकलं, त्यात मध आणायला जाणारे सगळे नर दाखवलेत, खरंतर ते काम माद्याच करतात, नराला तर नांगीपण नसते. हे सांगितल्यावर म्हणते, मग मुलीवाला पिक्चर लाव! असा कुठला आहे का, मराठी किंवा हिंदी डबिंगमधे? मुंग्यांचा पण चालेल, फक्त किड्यांना व्हिलन केलेलं नको.