निधीतला निम्मा वाटा थेट मुलांच्या हातात द्या

पुरासारख्या संकटात कॉलेजला मिळणाऱ्या आपत्कालीन निधीतून आधी कॉलेजची इमारत नि संगणक नीट करावेत, असं काही जणांचं म्हणणं आहे. मला ते पटत नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीत कृष्णेचं पाणी घराघरांत शिरलं. पोरांच्या वह्या, मार्कशीट, अंथरूण-पांघरूण सगळं चिखलात गेलं. अशा वेळी मेसचे पैसे, खोलीभाडं, एसटीचा पास अडला की शिक्षण सुटतं, आणि मुलींचं बहुधा आधी. अमेरिकेत २०२० च्या केअर्स कायद्याने (कोरोनाकाळातल्या मदतीचा कायदा) कॉलेजांना मिळालेल्या रकमेपैकी किमान निम्मी थेट विद्यार्थ्यांना देणं बंधनकारक केलं होतं. आपल्याकडेही तसंच हवं. आणि कृपा करून पूरग्रस्त मुलाकडे पंचनाम्याची प्रत, उत्पन्नाचा दाखला मागत बसू नका. विभागप्रमुखांच्या सहीवर पैसे द्या, कागद पाणी ओसरल्यावर जोडता येतील.