शेजारून आलेला छंद : तुमचे अनुभव लिहा

समोरच्या काकू गेल्या महिन्यात मुलाकडे बंगळूरला कायमच्या राहायला गेल्या. जाताना त्यांनी कर्नाटकी कशिद्याची वही माझ्या हातात ठेवली. गोपूर, रथ, तुळशीवृंदावन, सगळे नमुने चौकटीच्या कागदावर पेनाने काढलेले. दहा वर्षं दुपारी तीनला त्यांच्या दिवाणावर बसून मी ते शिकले. गवंतीचा टाका उलटीकडूनही सुलटीसारखाच दिसला पाहिजे, गाठ मारायची नाही. चुकलं की म्हणायच्या, "उसव गं, घाई कुणाला आहे?" आता समोर कुलूप आहे आणि तीन वाजले की करमत नाही. तुम्हाला कोणत्या शेजाऱ्यामुळे काय लागलं? नावं नकोत, पेठ किंवा उपनगर पुरे.

कोथरूड

बाबा गेले तेव्हा मी नववीत होतो, कुणाशी बोलत नव्हतो. वरच्या मजल्यावरचे काका रोज पहाटे वेताळ टेकडीवर जात, आईने मला त्यांच्याबरोबर धाडलं. काकाही अबोलच. पावसाच्या तोंडावर एकदा खाणीच्या बाजूला त्यांनी माझा दंड धरला, "ऐक." झाडीतून दोन सुरांची शीळ आली. नवरंग! दिसला मात्र नाही. पहाटे आणि तिन्हीसांजेला बोलतो म्हणून तमिळमध्ये त्याला सहा वाजताचा पक्षी म्हणतात, हे त्यांनीच सांगितलं. दिसला तो थेट पुढच्या वर्षी, पालापाचोळ्यात उड्या मारत किडे टिपताना, शेपटीखाली लालभडक. टेकडीवर लावलेल्या गिरिपुष्पाची दाटी पाहून काका अस्वस्थ व्हायचे, त्याच्याखाली आपल्याकडचं फारसं काही उगवत नाही म्हणून. तेव्हा मला ते कळत नव्हतं, आता मीही तेच सांगत फिरतो. गुडघ्यांमुळे काका हल्ली चढत नाहीत. टेकडी उतरलो की मी आधी त्यांच्याकडे जातो, आज काय दिसलं ते सांगतो आणि मगच घरी.

सदाशिव पेठ

आमच्या वाड्यात दोन बिऱ्हाडांमध्ये नुसती लाकडी फळ्यांची भिंत. पलीकडच्या आजी पहाटे तानपुरा लावायच्या, तो जुळेपर्यंत मी अंथरुणात पडून ऐकायचे. मला गाता येत नाही, पण 'सवाई'ला आजींनी मलाच नेलं. १९५३ साली भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ हा महोत्सव सुरू केला, तेव्हापासूनच्या त्या श्रोत्या. रमणबागेत सतरंजीवर थर्मास घेऊन आम्ही रात्र काढायचो. शेवटी सवाई गंधर्वांच्या भैरवीचं ध्वनिमुद्रण लागतं. ते संपेपर्यंत आजी मला हलू द्यायच्या नाहीत. वाडा पडला, आजीही गेल्या. महोत्सव आता मुकुंदनगरला असतो, रात्रभर चालत नाही. दर डिसेंबरात जाते आणि भैरवी संपेपर्यंत अजूनही उठत नाही.

सहकारनगर

खालच्या दादाने सायकलचं पंक्चर काढायला शिकवलं. ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवून बुडबुडे शोधायचे. सोसायटीतल्या सगळ्या पोरांच्या सायकली आता मीच बघतो.

नाना पेठ

तुकोबांची पालखी आमच्याजवळच्या निवडुंग्या विठोबाच्या देवळात मुक्कामाला असते. त्या दोन दिवसांत गल्लीत पिठलं-भाकरीच्या चुली पेटतात आणि शेजारचे अण्णा दुकान बंद ठेवून पखवाज घेऊन बसतात. सातवीत त्यांनी मला आधी वाजवायला नाही, कणीक मळायला बसवलं. पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक लावतात, त्याशिवाय आवाज खोल येत नाही. सैल झाली तर निसटते, घट्ट झाली तर नाद बसतो. महिनाभर नुसती कणीकच. घरात आई म्हणायची, पोळ्यांची कणीकही तूच मळ. मळायला लागलो, अजून मळतो. अण्णांचा पखवाज सध्या माझ्याकडे आहे. त्यांचा नातू पुण्याला आला की त्याला द्यायचा ठरलंय, तोवर दर गुरुवारी वाजवून जागा ठेवतो.

वाघोली

आम्हाला इथे येऊन आठ महिने झाले, मजल्यावर कुणाशीच ओळख नाही. शेजारच्या गॅलरीत मात्र कुणीतरी रोज वाळका पाला गोळा करून पिंपात भरतं. त्यातच भोपळ्याचा वेल आलाय आणि परवापासून तो आमच्या कठड्यावर चढलाय. कालपासून मीही त्याला पाणी घालते. आज ते घरात असले तर विचारेन, आधाराला काठी लावू का म्हणून.